पाचशे रुपयांची अट आणि पगारदाराची नादारी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर बारीक टायपात ज्या ताबा सूचना आणि लिलावाच्या नोटिसा छापून येतात, त्या कर्जदाराला समजाव्यात अशी कोणाची अपेक्षा असते काय, असा प्रश्न मला त्या वाचताना नेहमी पडतो. बँकेला तारण घराचा ताबा घेऊन वसुली करू देणाऱ्या सिक्युरिटायझेशन कायद्याखालच्या नियमांप्रमाणे घराचा ताबा घेतल्यापासून सात दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत, आणि त्यांपैकी एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात, बँकेला ही सूचना द्यावीच लागते, म्हणून ती मराठीत येते एवढेच. तिच्या अखेरीस ‘कलम १३ च्या उपकलम (८) मधील तरतुदीकडे कर्जदाराचे लक्ष वेधण्यात येत आहे’ अशा धर्तीचे एक वाक्य असते आणि साऱ्या मजकुरात कर्जदाराच्या कामाचे तेवढेच असते. त्याचा सरळ अर्थ असा की, लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच सगळी थकबाकी व खर्च भरून घर सोडवण्याचा हक्क कायदा देतो. २०१६ च्या दुरुस्तीने ही मुदत आखून दिली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे ज्या दिवशी लिलावाची नोटीस आपल्या अंकात येते, त्या दिवशी तो हक्क संपलेला असतो, आणि ज्याचे घर आहे तो मात्र त्यानंतरच्या आठवड्यात नातेवाइकांकडे पैशांसाठी फिरायला निघतो.

मी जिल्हा न्यायालयाच्या सेवेतून निवृत्त झालो असून नोकरीतला बराच काळ जप्ती-बजावणीचे काम पाहणाऱ्या नाझर विभागात काढला आहे. जप्तीची वॉरंटे, बेलिफांचे अहवाल आणि दरखास्तींची (निकालाच्या बजावणीच्या अर्जांची) बाडे हाताळताना कर्जात बुडालेली माणसे जवळून पाहिली. तेव्हापासून एक गोष्ट मनात आहे, ती आपल्या वाचकांपुढे मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. कर्ज फेडणे अशक्य झालेल्या कंपनीला या देशात कायद्याने आखून दिलेली वाट आहे, पण कर्ज फेडणे अशक्य झालेल्या पगारदाराला, रिक्षावाल्याला किंवा छोट्या दुकानदाराला तशी चालण्याजोगी वाट नाही. ती कागदावर तयार असूनही सरकारने उघडलेली नाही, आणि ती उघडेपर्यंत माणसाने स्वतःच्या नादारीची, म्हणजे कर्ज फेडण्यास आपण असमर्थ आहोत हे कायद्यापुढे मांडण्याची, तयारी स्वतःच, वेळेवर आणि प्रामाणिकपणे करायला हवी, असे माझे मत आहे.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ संसदेने २०१६ मध्ये संमत केली. तिचा कंपन्यांविषयीचा भाग त्याच वर्षाच्या अखेरीस लागू झाला आणि त्याखालची मोठमोठी प्रकरणे आपण रोज वाचतो. याच संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्था यांच्यासाठी आहे. त्यातला काही अंश १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला, पण तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता, म्हणजे प्रवर्तक आणि संचालक मंडळींना न्यायासनापुढे आणण्याकरिता. सामान्य कर्जदारासाठी हा भाग अद्याप लागू केलेला नाही. त्यात अगदी लहान ऋणकोसाठी (कर्जदारासाठी) ‘नवी सुरुवात’ या स्वरूपाचे एक प्रकरण आहे, ज्यात १८० दिवस वसुलीला स्थगिती मिळून पात्र कर्जे माफ होऊ शकतात. मात्र त्याच्या अटी अशा आहेत: वार्षिक उत्पन्न ६० हजार रुपयांपेक्षा जास्त नको, मालमत्ता २० हजारांपेक्षा जास्त नको, पात्र कर्जे ३५ हजारांपेक्षा जास्त नकोत, आणि स्वतःचे राहते घर नको. महिना पाच हजार रुपये मिळवणाऱ्या माणसाला कोणती वित्तसंस्था दारात उभे करते, हे संहितेचा मसुदा करणाऱ्यांनाच ठाऊक. आज साध्या दुचाकीचे कर्ज सुद्धा या मर्यादेत बसत नाही. हे आकडे अमलात येण्यापूर्वीच जुने झाले आहेत.

नवा कायदा लागू नाही, म्हणून जुना चालू आहे. मुंबई शहरात १९०९ चा इलाखा शहरे नादारी अधिनियम आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. या दुसऱ्या कायद्याखाली ऋणकोला स्वतःहून अर्ज करता येतो. त्यासाठी कर्ज फेडण्यास तो असमर्थ असला पाहिजे आणि त्याचे कर्ज निदान ५०० रुपये असले पाहिजे, किंवा हुकूमनाम्याच्या (दाव्यातल्या निकालाच्या) बजावणीत त्याला अटक अथवा त्याच्या मालमत्तेवर जप्ती झालेली असली पाहिजे. कर्जातून मुक्ततेचा आदेश देताना न्यायालयाने पाहायचे असते की, मालमत्तेतून बिनतारणी कर्जाच्या रुपयामागे निदान आठ आणे तरी निघतात काय. निघत नसतील, तर त्याला आपण जबाबदार नव्हतो हे ऋणकोने पटवून द्यायचे. मुक्त न झालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता कोणाकडून ५० रुपये उधार घेतले, तर तो सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो. पन्नास रुपयांत आज नाक्यावर दोन माणसांचा चहा-नाश्ता होत नाही, पण कायद्याच्या पुस्तकात ती रक्कम तशीच उभी आहे.

तरीही मी या कायद्याला सरसकट मोडीत काढणार नाही, कारण त्याची मूळ कल्पना शहाणपणाची आहे. ऋणकोने आपली सगळी देणी, धनकोंची (कर्ज देणाऱ्यांची) नावे-पत्ते आणि आपली सगळी मालमत्ता शपथेवर उघड करायची आणि कायद्याने वगळलेल्या वस्तू सोडून बाकीची न्यायालयाच्या स्वाधीन करायची. न्यायालयाने ती आपण नेमलेल्या व्यवस्थापकाकडे, म्हणजे रिसीव्हरकडे, सोपवून धनकोंमध्ये प्रमाणात वाटायची, चालू दाव्यांना स्थगिती द्यायची, अटकेपासून संरक्षण द्यायचे आणि ऋणको सरळ वागला असेल तर ठरावीक काळाने त्याला मोकळे करायचे. अडचण अंमलबजावणीत आहे. असे अर्ज इतके क्वचित येतात की नव्या वकिलांना त्यांचा मसुदा माहीत नसतो, न्यायालयाच्या रोजच्या बोर्डावर त्यांना तारखेमागून तारीख मिळते, आणि तारण असलेल्या धनकोचा हात त्यामुळे बांधला जात नाही, म्हणजे गृहकर्ज देणारी बँक आपले घर विकू शकतेच. त्यामुळे हा मार्ग सुचवताना मी कोणालाही खोटी आशा दाखवीत नाही.

येथे थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण तो आपल्याच मातीतला आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यावर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. पैशांच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करण्याची तरतूद त्याने बंद केली आणि शेतकऱ्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. परक्या सरकारला हे सुचायला दंगा व्हावा लागला हे खरे, परंतु सुचले एवढे नक्की. आजच्या कर्जदाराकडे जाळायला वह्या नाहीत. त्याचे सगळे व्यवहार मोबाईलवर आणि कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर असतात, आणि त्याचा सगळा जाच एकट्याने सोसायचा असतो.

आता तयारीविषयी. माझ्या अनुभवात कर्जबाजारी माणसाचे सर्वांत मोठे नुकसान व्याजाने होत नाही, ते लखोटे न उघडल्याने होते. न्यायालयात उशिरा पोचणारे पक्षकार एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन यायचे. तिच्यात बँकेची पत्रे, वकिलाच्या नोटिसा, समन्स, सारे न फोडता ठेवलेले. काहींनी तर पोस्टमनला परत पाठवलेले असायचे, आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला की आपण सुटलो अशी त्यांची समजूत असायची. वस्तुस्थिती उलट आहे. योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस नाकारली, तरी ती बजावली गेली असेच कायदा मानतो. मग दाव्यात कोणी हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि जे सांगायचे होते ते सांगण्याची वेळ निघून जाते. पैशांच्या दाव्यात हजर राहून हप्ते बांधून मागितले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम ११ प्रमाणे न्यायालय हुकूमनामा करतानाच पुरेशा कारणासाठी हप्ते ठरवून देऊ शकते. एकदा हुकूमनामा झाला की मात्र त्यासाठी धनकोची संमती लागते. हजर राहणे आणि न राहणे यांत एवढा फरक आहे.

तेव्हा पहिले काम म्हणजे सगळे लखोटे फोडून एक वही घालावी. कोणाचे, केव्हा, किती घेतले, किती फेडले, आज बाकी किती, व्याजाचा दर काय, तारण काय, जामीनदार कोण, कोरे धनादेश कोणाकडे आहेत, बँक खात्यातून आपोआप वळते होणारे हप्ते कोणते, हे सारे एका पानावर एक असे लिहावे. हातउसने घेतलेले, भिशीचे, पत्नीच्या नावावर बचत गटातून उचललेले आणि दागिने गहाण टाकून घेतलेले हे सुद्धा त्यात आले पाहिजे. नेमके हेच माणसे लपवतात. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो मागवावा, म्हणजे विसरलेली ॲपवरची छोटी कर्जेही बाहेर येतात. प्रांतिक नादारी कायद्याखालच्या अर्जात हीच माहिती भरायची असते. त्यामुळे ही वही झाली म्हणजे अर्जाचा निम्मा मसुदा झाला, आणि अर्ज करायची वेळ आली नाही तरी बँकेशी बोलताना तीच हाताशी लागते.

वही पुरी झाली की नवे कर्ज काढून जुने भागवणे त्या दिवशी थांबले पाहिजे. क्रेडिट कार्डाचेच उदाहरण घ्या. एक लाख रुपये बाकी आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे असे धरू. महिन्याचे व्याज ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये, एकूण ४,१३०. किमान भरायची रक्कम पाच टक्के धरली तर ५,००० रुपये. ते भरून मुद्दल कमी झाले फक्त ८७० रुपयांनी. ‘मिनिमम भरतोय ना, मग काही अडचण नाही’ असे म्हणणाऱ्या अनेकांनी हा हिशेब कधीच मांडलेला नसतो. कार्डावरील व्याजाला ३० टक्क्यांची कमाल मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केल्यामुळे त्या बाजूनेही आता आधार उरलेला नाही.

यापेक्षाही मला खटकणारी गोष्ट निराळी आहे. कायद्याने धनकोच्या हातापासून जे मुद्दाम दूर ठेवले आहे, तेच माणसे भीतीपोटी आपल्या हाताने काढून देतात. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० प्रत्येक कर्जदाराने कोणाकडून तरी समजून घ्यावे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे, आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्राला हात लावता येत नाही. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, आयुर्विम्याची रक्कम यांनाही संरक्षण आहे. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर राहतात. ४० हजार पगार असेल तर २७ हजार सुरक्षित राहून जास्तीत जास्त १३ हजार जप्त होतात, आणि तीही जप्ती एकूण २४ महिने झाली की पुढचे निदान १२ महिने थांबते. हे ठाऊक नसल्यामुळे एखादा पन्नाशीचा माणूस नोकरीतून राजीनामा देऊन भविष्य निर्वाह निधी काढतो आणि तो सगळा कार्डवाल्यांच्या आणि ॲपवाल्यांच्या घशात घालतो. वर्षभराने देणी बरीचशी तशीच असतात आणि म्हातारपणीची पुंजी मात्र गेलेली असते. जे कोणताही न्यायाधीश देववणार नव्हता, ते फोनवरच्या एका उर्मट पोराने देववलेले असते.

याचा अर्थ लबाडीला वाव आहे असा कोणी करू नये. घर पत्नीच्या नावावर, दुकान मेहुण्याच्या नावावर असा सल्ला देणारे हितचिंतक प्रत्येक गावात असतात. नादार ठरण्यापूर्वी दोन वर्षांच्या आत केलेले असे विनामोबदला हस्तांतर रिसीव्हरला रद्द करून घेता येते, आणि अर्ज दाखल होण्याच्या तीन महिन्यांच्या आत एखाद्या धनकोला झुकते माप देऊन चुकते केले असेल, तर तेही टिकत नाही. मित्राचे पैसे आधी देऊन टाकावेत असे वाटणे माणुसकीला धरून आहे, पण ते कायद्याला धरून नाही. शिवाय उधळपट्टी, जुगार आणि अविचारी सट्टा यांमुळे नादारी आली असेल तर न्यायालय बिनशर्त मुक्तता नाकारते. शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या व्यवहारांत पैसे घालवलेल्या तरुणांनी हे वाक्य सावकाश वाचावे.

तुरुंगाच्या भीतीविषयीही लिहिले पाहिजे, कारण वसुलीवाल्यांचे निम्मे भांडवल तेच असते. कर्ज थकणे हा गुन्हा नाही. पैशांच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करताच येत नाही. पुरुषाला दिवाणी कैदेत ठेवता येते, पण जास्तीत जास्त तीन महिने, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले आहे की, केवळ गरिबीमुळे फेडता येत नाही म्हणून कोणाला कैदेत टाकता येणार नाही. ऐपत असून तो बुद्ध्याच टाळत आहे हे दिसले पाहिजे. धनादेशाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो आणि खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या देयक प्रणाली कायद्याखाली शिक्षा तेवढीच आहे. म्हणून खात्यात पैसे राहणार नाहीत हे दिसू लागले की आधीच बँकेला लेखी कळवावे, पोच घ्यावी, आणि धनादेशाची मागणी नोटीस हाती पडल्यापासून पंधरा दिवसांची जी मुदत मिळते, ती वाया घालवू नये.

पश्चिम महाराष्ट्रातला कर्जाचा व्यवहार बँकांपेक्षा पतसंस्थांमधून अधिक चालतो आणि तेथील कायदा निराळा असल्यामुळे लोक फसतात. पतसंस्थेला दिवाणी दावा लावण्याची गरज नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्ती व लिलाव करू शकतो. ‘एकशे एकचा दाखला निघाला’ हे वाक्य आमच्याकडे चहाच्या टपरीवरही समजते. त्या दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर येणे रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते, आणि ज्याच्याकडे निम्मी रक्कम आहे तो थकबाकीदार कशाला झाला असता? म्हणून खरी लढाई दाखला निघण्यापूर्वी, सहायक निबंधकांपुढच्या सुनावणीतच करायची असते. जमा पावत्या, चुकीचे व्याज, न दाखवलेले भरणे, जे काही असेल ते तेथेच लेखी मांडावे.

यात सर्वाधिक भरडला जातो तो जामीनदार. सहकारी शिक्षक, शेजारी, चुलतभाऊ, कोणीतरी शब्दाखातर सही करतो. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि वसुली अधिकारी ज्याचा पगार बँकेत नियमित जमा होतो त्याच्याकडे आधी वळतो. जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांचे प्रकरण मला आठवते. कर्ज मित्राचे, मित्र गाव सोडून गेलेला, आणि मुलीच्या लग्नाच्या वर्षी यांच्या पगारातून कपात सुरू झालेली. त्यांना पहिली नोटीस आली तेव्हा ‘कर्ज माझे नाही’ एवढेच उत्तर देऊन ते गप्प बसले होते. म्हणून माझे सांगणे असे आहे की, ज्याला आपले दिवाळे दिसू लागले आहे त्याने सर्वांत आधी आपल्या जामीनदाराला भेटून खरे सांगावे. पतसंस्थेची सामोपचार योजना किंवा बँकेची एकरकमी परतफेड, ज्या कर्जाला जामीनदार आहे तेथे आधी मिळवण्याचा प्रयत्न करावा. वडिलांच्या कर्जापायी मुलाला धमकावणेही सर्रास चालते. मुलगा जामीनदार नसेल, तर वारशाने आलेल्या मालमत्तेपलीकडे त्याची जबाबदारी नाही, आणि पितृऋणाच्या धार्मिक कर्तव्याच्या नावाखाली मुलावर दावा लावण्याची सोय २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरती, बंद केली आहे.

तडजोडीविषयी थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने सहकारी बँकांसह सर्व बँकांना तडजोडीचे धोरण ठरवून ठेवण्यास सांगितले आहे, तेव्हा मागण्यात लाज नाही. मात्र तडजोड संस्थेच्या लेटरहेडवर, रक्कम आणि मुदत नमूद करून हाती पडल्याशिवाय एक रुपया देऊ नये. एजंटच्या वैयक्तिक खात्यावर तर कधीच नाही. पैसे भरल्यावर बेबाकी (काही देणे उरले नाही असा) दाखला घ्यावा, गहाण कागदपत्रे ३० दिवसांत परत मागावीत. पतमाहिती अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहील आणि तीच बँक निदान वर्षभर नवे कर्ज देणार नाही, हे मनाशी धरून चालावे. अशा माणसाला वर्षभर कर्ज न मिळणे हा मला तोटा वाटत नाही. वसुली एजंटने सकाळी ८ पूर्वी किंवा सायंकाळी ७ नंतर फोन करणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. त्याची लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. पतसंस्था मात्र त्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. चौकशीनंतर तो व्यवहार अवैध ठरवून जमीन परत देण्याचा अधिकार त्यांना आहे.

वकिलाची फी परवडत नाही ही सबब जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकली. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता, आणि इतरांना वार्षिक उत्पन्न मर्यादेत असल्यास, तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. लोकअदालतीत दावा मिटला तर त्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी हप्त्याचा आकडा आपल्या वहीशी ताडून पाहावा. मंचावरच्या उत्साहात न झेपणारे हप्ते कबूल करून पुन्हा दरखास्तीत आलेली माणसे मी पाहिली आहेत. आणि ज्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार डोकावतो आहे, त्याने घरच्यांना सांगावे व १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर बोलावे. तो फोन विनामूल्य आहे, आणि कर्ज कितीही असले तरी त्याचा निवाडा हप्त्यांत किंवा नादारीत होऊ शकतो.

आता सरकारकडे मागणी. संहितेचा तिसरा भाग सामान्य व्यक्तींना लागू करावा आणि त्यापूर्वी ६०, २० आणि ३५ हजारांच्या मर्यादा आजच्या किमतींना धरून बदलाव्यात. उत्पन्न व कर्जाच्या या मर्यादा वाढवण्याचा मुद्दा आपल्या जिल्ह्यांच्या खासदारांनी संसदेत का लावून धरू नये, हे मला समजत नाही. दुसरे असे की, त्या संहितेत व्यक्तींच्या प्रकरणांसाठी कर्जवसुली न्यायाधिकरण नेमले आहे. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. ज्याच्याकडे एसटीच्या तिकिटाचे पैसे नाहीत, त्या गडचिरोलीच्या माणसाने नादारीच्या तारखांसाठी नागपूरला खेटे घालावेत काय? हे अधिकार जिल्हा न्यायालयांना द्यावेत, तेथे हे काम शंभर वर्षांपासून कायद्याने आहेच. आणि केंद्राला सवड नसेल, तर नादारी व दिवाळखोरी हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीत, नवव्या क्रमांकावर आहे. १९२० च्या कायद्यातल्या पाचशे रुपयांच्या, पन्नास रुपयांच्या आणि आठ आण्यांच्या तरतुदी महाराष्ट्राच्या विधिमंडळाला राष्ट्रपतींच्या संमतीने आपल्या राज्यापुरत्या दुरुस्त करता येतील, मुक्ततेचा अर्ज किती महिन्यांत निकाली काढायचा हे ठरवून देता येईल, आणि प्रत्येक जिल्ह्यात एक पूर्णवेळ रिसीव्हर नेमता येईल. येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने एवढे अशासकीय विधेयक मांडले, तरी त्याच्या मसुद्याला लागेल ती कारकुनी मदत मी आनंदाने करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
सातारा